आईचं लाकूड टाकीत घालू नकोस

ठमे,

तुझी आई गेल्यावर आज पहिल्यांदाच कामावर निघालोय. डबा घेतलाय.

तिने नदीवरून आणलेलं लाकूड माशांच्या टाकीत घालू नकोस. तिची आठवण म्हणून तुला ते घालायचंय, ठाऊक आहे मला. पण त्यात नख रुततं. आतून कुजलंय, पाणी नासेल आणि तिचेच मासे मरतील. सुताराची बायको असून तिने असलं लाकूड उचललं म्हणून तिला चिडवणार होतो, ते राहून गेलं.

बादलीतलं लाकूड घाल. ते टणक आहे, तीनदा उकळलंय, आता रंगही सोडत नाही.

टाकीवरच्या भिंतीला फळी ठोकून तिचं लाकूड तिथे ठेवलंय. फळी बरोबर तिच्या नजरेच्या उंचीवर आहे. माप घ्यावं लागलं नाही.

बाबा