हिरवी चिठ्ठी

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून चिडू नकोस. फोनवर तुझं बोलणं आता नुसतं पुटपुटल्यासारखं येतं, म्हणून पत्र. डावा कान गेलाच आहे, उजवा निम्मा उरलाय. ऑर्केस्ट्रावाल्यांशी माझं भांडणबिंडण काही झालं नव्हतं, ती थाप होती. गाणं संपलं तरी मी वाजवतच राहिलो, तेही दोनदा, म्हणून त्यांनी काढलं.

परवापासून इथं वाद्यांचं व्यापारी प्रदर्शन आहे, आठ दिवस. बेस गिटार बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टॉलवर वाजवून दाखवायचं काम मिळालंय. मालकांना पसंत पडलो तर कारखान्यात कायमची नोकरी. तयार झालेलं प्रत्येक वाद्य वाजवून पास करायचं. कानांबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. हनुवटी बेसच्या लाकडावर टेकवली की खालचे सूर हाडातून थेट पोचतात, तेवढ्यावर निभावून नेईन. चाळिशी उलटलेल्या बेसवाल्याला दुसरं कोण विचारतंय? हे हुकलं तर माझं वाजवणं संपलं, ताई.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझा,
धाकटा

ता. ६ फेब्रुवारी

चि. खर्जोबास,
अ. उ. आ.

गाढवा, एवढं होईपर्यंत गप्प बसलास? तुझी भाची वाढदिवसाला फोनवर गात होती आणि तू मध्येच ठेवून दिलास. तेव्हापासून ती विचारतेय, मामा रुसला का. आता तिला काय सांगू?

कानाला यंत्र लाव. हे म्हणतात, चष्मा लावताना कुणी लाजत नाही, मग यात कसली लाज. मी म्हटलं, त्यानं लहानपणी धडधाकट कानांनी तरी कुणाचं ऐकलं होतं! थट्टा सोड, पण मालकांना खरं सांगून टाक. वाद्य पास करणाऱ्यालाच ऐकू येत नसेल तर एक दिवस कुणाच्या तरी गळ्याशी येईल. मला धास्ती वाटते रे. दोन घास वेळेवर खा.

माझी माया आहेच, ती तुला मागावी लागणार नाही.
तुझी,
ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो असं आज म्हणवत नाही. तू म्हणालीस तेच झालं.

पहिले तीन दिवस नुसती धमाल. माझी हनुवटी बेसवर, डोळे मिटलेले; लोकांना वाटलं ही काही खास तऱ्हा आहे. पोरं तशीच हनुवटी टेकवून फोटो काढायला लागली. मालक खूश. मी मनातून मेलेलो.

इथं रोज दारं उघडायच्या आधी मी एकेक बेस वाजवायचा आणि ठीक असेल त्याच्या गळ्यात हिरवी चिठ्ठी बांधायची, असा रिवाज. परवा ट्रकमधून नऊ नवीन आले. हादऱ्यांनी लाकूड जरासं हललं की तार दांड्यावरच्या पट्टीला घासते आणि बारीक झर्र असा आवाज येतो. सांगितलं असतं तर हे बेस बनवणाऱ्या मिस्त्रींनी, ते स्टॉलवरच असतात, दहा मिनिटांत एकेक नीट केला असता. पण ती झर्र हाडातून येत नाही, ताई. मी नऊच्या नऊ चिठ्ठ्या बांधल्या.

काल एका मोठ्या दुकानदारानं चारचौघांत ते वाजवून बघितले. सगळे झरझरत होते. तो हात झटकून निघून गेला. मालक मिस्त्रींवर तुटून पडले, डोळे गेले, हात गेले, सोमवारपासून येऊ नका. सव्वीस वर्षं काम केलेला माणूस. मिस्त्रींनी एवढंच विचारलं की चिठ्ठ्या कुणी बांधल्या. त्यावर मालक म्हणाले, याच्या कानांवर संशय घेऊ नका, हा लाकडाला हनुवटी लावून ऐकतो. सकाळी हे ठीकच असणार, तुमचं कामच दिवसभर टिकत नाही.

मी तिथंच उभा होतो. बोललो नाही. संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात नेमणुकीचं पत्र दिलं. ते खिशात आहे. काय करू?

मला टाकू नकोस.
धाकटा

ता. ११ फेब्रुवारी

चि. खर्जोबास,

आशीर्वाद मागाहून. आधी ऊठ आणि त्या माणसाचं काम त्याला परत दे. तुझ्या पोटाचं आपण बघू, घरात एक ताट जास्त झाल्यानं कुणी मरत नाही. तुझं वाजवणं सुटणार म्हणून मी इथं रडतेय, तरीही हेच लिहितेय. तू नाही बोललास तर मी येऊन बोलेन. पत्ता पाकिटावर आहे.

कितीही चिडले तरी तुझीच,
ताई

ता. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल स्टॉल मोडत असताना मालकांना सांगितलं. त्यांचा विश्वासच बसेना. मी म्हटलं, मी भिंतीकडे तोंड करतो, तुम्ही हाका मारा. मग बराच वेळ भिंतच बघत होतो. वळलो तेव्हा ते खोक्यावर बसले होते, चेहरा उतरलेला. त्यांनी हात पुढे केला, मी पत्र परत दिलं. मिस्त्री सोमवारी कामावर जाणार आहेत.

मग मिस्त्रींकडे गेलो. हात जोडले, सगळं कबूल केलं. ते बोलायला लागले. बोट उगारून, डोळे भरून, खूप वेळ बोलले. आजूबाजूला खोक्यांना खिळे ठोकणं चाललं होतं आणि मला त्यातला एक शब्दही कळला नाही. पुन्हा सांगा म्हणायचं धाडस झालं नाही. शेवटी त्यांनी माझा खांदा धरून काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबले. मी होकारार्थी मान हलवली. ते माझ्याकडे बघत राहिले, मग हात काढून घेतला आणि निघून गेले.

मी नेमकं कोणत्या गोष्टीला हो म्हणालो, ताई?

उद्या येतोय. दार उघडं ठेव.
तुझा,
धाकटा