मुदत चौदा मेपर्यंत

१८ एप्रिल, सकाळी ६.१०
आजपासून धावणे. चौदा मेला माझी लेक नाझिक वर्षाची होईल. त्याच दिवशी काराकोलला, सासऱ्यांच्या अंगणात, तिच्या पायांना बांधलेला दोर कापायचा, म्हणजे पोर चालायला मोकळं. शर्यतीत पहिला येऊन जो कापेल, पोर त्याच्या वळणावर जातं म्हणतात. तेव्हा कापणार मीच.

६.२५
गुडघा कुरकुरतोय. उद्यापासून.

२१ एप्रिल
केन्जे माझ्या हाताखाली तीन वर्षं आहे. हुशार, पण कच्ची. आज म्हणाली, आपल्या सर्व्हरांच्या क्लस्टरचं प्रमाणपत्र चौदा मेला संपतंय. मला काय ठाऊक नाही? नाझिक जन्मली त्या दिवशी प्रसूतिगृहाच्या बाकावर बसून मीच तो क्लस्टर उभा केला. ते प्रमाणपत्र बघूनच त्यातली यंत्रं एकमेकांना ओळखतात. एक वर्षाची मुदत आपोआप पडते, ती तशीच राहिली. केन्जे म्हणते मला पासवर्ड द्या, मुदत आपली आपण वाढत राहील असं करून ठेवते. विचार करतो म्हटलं. किल्ली दोघांकडे असली की जबाबदार कोणीच नसतं.

संकल्प: सगळी माहिती लिहून काढणे. चाळीस पानं तरी होतील.

२६ एप्रिल
शीर्षक लिहिलं. फॉन्ट कुठला ठेवावा यात दुपार गेली. धावणे: फाटकापर्यंत.

३ मे
सासरे इथे बिश्केकला आले होते. तळलेले बोर्सोक खाता खाता विचारलं, तू नेमकं करतोस काय? सांगितलं, शेअर टॅक्सीची सीट ज्या अ‍ॅपवर मिळते त्याच्या मागची एपीआय, म्हणजे न दिसणारी यंत्रणा, आमची. ती कंटेनर नावाच्या डब्यांत चालते. डबे मेंढ्यांसारखे. एक पडला की क्लस्टर दुसरा उभा करतो आणि सगळा कळप मी राखतो.
"एकटाच?" म्हणाले.
एकटाच म्हटलं.
"मग घरी कधी जातोस?"
म्हाताऱ्या माणसांना तंत्रज्ञान समजावणं कठीण.

९ मे
"मुदत पाच दिवस" अशी सूचना रोज येते. लक्ष विचलित होतं, म्हणून बंद केली. जोल्दोश बाइके (बाइके म्हणजे दादा), आमचे साहेब, आज सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट करून म्हणाले, तालाय नसला तर आपण बुडालो. फार बरं वाटलं.
बायको, बुरुल, नाझिकला घेऊन काराकोलला पुढे गेली. दारातून म्हणाली, "चौदाला ये. शर्यत हर, पण ये." शब्द दिला.

१३ मे
तीन डबे पडले, तीन नवे आपोआप उभे राहिले. व्यवस्था भक्कम आहे. प्रमाणपत्र आजच करणार होतो, पण मीटिंग लांबली. आल्यावर करीन. मुदत संपली म्हणजे लगेच काही दूध नासत नाही. धावायचे बूट घेतले.

१४ मे, सकाळी ८
टॅक्सीत. सीट आमच्याच अ‍ॅपवर घेतली. मनातल्या मनात अभिमान.

११.१०, बालिकची, अर्ध्या वाटेवर
ड्रायव्हर मासे घ्यायला थांबला. अ‍ॅप बंद. रस्त्यावरच्या सगळ्याच ड्रायव्हरांचं बंद. आमचा म्हणाला, "हे ज्या गाढवानं बनवलं, त्याला एकदा या उन्हात उभा करा." मी मासा खात राहिलो.
केन्जेचा फोन. डबा पडला, पण नवा उभा राहत नाही. यंत्रं एकमेकांना ओळखत नाहीत. ऑफिसबाहेरून क्लस्टरमध्ये शिरता येत नाही. हा नियम माझाच.
"बाइके, पासवर्ड सांगा. दहा मिनिटांत करते, तुम्ही पुढे जा."
पासवर्ड फोनवर सांगायचा नाही हाही नियम माझाच. ती म्हणाली, "मग या."
शर्यत तीनला.

११.५०
परतीची टॅक्सी अ‍ॅपवर मिळत नाही. उन्हात उभा आहे.

१५ मे
काल चारला पोचलो. काम अकरा मिनिटांचं होतं. केन्जे म्हणाली, आता तरी पासवर्ड द्या. पुढच्या आठवड्यात शांतपणे बघू म्हटलं. पर्स उचलून गेली.
बुरुलचा फोन आला. दोर शेजारच्या बसड्रायव्हरने कापला, वय अठ्ठावन्न. नाझिक सात पावलं चालली. आता पोरगी त्याच्या वळणावर जाणार का, विचारलं.
"जाऊ दे," बुरुल म्हणाली. "तो संध्याकाळी घरी येतो."
व्हिडिओ पाठवलाय. अजून उघडवत नाही. लाज वाटते.

संध्याकाळी ५.३०
नोंद म्हणून लिहून ठेवतो. नवीन प्रमाणपत्र, मुदत एक वर्ष, म्हणजे पुढच्या वर्षी
चौदा मे.
पासवर्ड सांगायला केन्जेला फोन लावला. लागत नाही. जोल्दोश बाइके म्हणाले, ती आजपासून पंधरा दिवस डोंगरात, सुट्टीवर. फोन घरी ठेवून गेलीय. आणि म्हणाले, तोवर तू मात्र कुठे हलू नकोस.