प्रत्येक गाठ दोनदा

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.
निर्णय झाला. गठ्ठेबुवाला माझ्या हातानं विणलेला फ्रेंडशिप बँड द्यायचा. एकतीस तारखेला तो कारखान्यातून रिटायर होतोय. दुसऱ्या दिवशी मुलीच्या गावी, कायमचा. अठ्ठावीस दिवस आहेत. माणसाच्या मनगटाला सात इंच पुरे. रोज एक इंच म्हटलं तरी एकवीस दिवस उरतात. घाई नाही.

पुढेमागे विसर पडू नये म्हणून नोंद: डिसेंबरच्या युनियनच्या सभेत सेक्रेटरी या नात्यानं मी त्याच्याविषयी एक वाक्य बोललो. ‘या माणसाला कणा नाही, सुतळी आहे. मॅनेजमेंटनं यावं आणि हवी तशी गाठ मारावी.’ कारण त्यानं मला न विचारता सकाळची पाळी आठऐवजी साडेसातला सुरू करण्याच्या कागदावर सही केली. सुतळी अशासाठी, की तो पॅकिंग खात्यात सव्वीस वर्षं खोक्यांचे गठ्ठे बांधतोय. वाक्य उत्तम होतं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याचा डबा कँटीनच्या खिडकीजवळच्या टेबलावर. माझा आमच्या नेहमीच्या टेबलावर.

बायको म्हणाली, अहो, चुकलं म्हणा आणि मोकळे व्हा, त्याला दोरे कशाला हवेत? तिला राजकारण कळत नाही. शब्द हे माझं हत्यार. हत्यार परजत कुणी तहाला जातं का?

४ मार्च, मंगळवार. संध्याकाळ.
गुरू घरातच सापडला. सासूबाई. वय चौऱ्याहत्तर. महिला मंडळात शिकल्या आणि आता अख्ख्या इमारतीची मनगटं त्यांच्या ताब्यात आहेत. लिफ्टमनच्या एकाच हातात दोन बँड.

सहा दोरे मागितले. तीन लाल, तीन पांढरे. बाकीच्या रंगांनी तुमचं काय घोडं मारलंय, असं त्यांनी विचारलं. मी रंगांमागची भूमिका समजावून सांगितली. वीस मिनिटं. त्या मधेच उठून कुकर बंद करून आल्या.

नक्षी: बाण. पुढे झेपावणारा. पहिल्या खेपेला साधे तिरके पट्टे करा, असं त्या म्हणाल्या. तडजोड नाही.

गाठीची पद्धत: डावा दोरा शेजारच्या दोऱ्यावरून चारच्या आकड्यासारखा न्यायचा, खालून वर काढून ओढायचा. मग तीच गाठ त्याच दोऱ्यावर पुन्हा. प्रत्येक गाठ दोनदा. का, असं विचारलं. एकदा मारलेली सरकते, म्हणाल्या. पुरावा मागितला. पुरावा नाही. नुसती परंपरा.

मी एकदाच मारणार. निम्मा वेळ वाचतो. गाठ मारली की मारली.

६ मार्च, गुरुवार.
आठ गाठी. दोरे उशीला सेफ्टी पिननं अडकवले होते. दोरा ओढला की उशीच सोबत येते. मग पँटला, गुडघ्यावर अडकवले. बेल वाजली, तसाच उठलो. दारात इस्त्रीवाला. त्यानं माझ्या गुडघ्यावर लोंबणाऱ्या सहा दोऱ्यांकडे पाहिलं आणि साहेब, पँट उसवलीय, देऊन टाका, रफू करून आणतो, असं म्हणाला.
पिन काढताना पँट खरोखरच फाटली. दिली.

९ मार्च, रविवार.
कोणत्याही कामाला हात घालण्याआधी त्याचा इतिहास वाचावा. वाचनालयातून विणकामावरची दोन जाडजूड पुस्तकं आणली. दिवसभर वाचन. ‘श्रम, धागा आणि माणूस’ या विषयावर चार पानी टिपण तयार. सणसणीत झालंय.
गाठी: शून्य. पण पाया भक्कम.

१२ मार्च, बुधवार. जेवणाची सुट्टी.
गठ्ठेबुवा आमच्या टेबलापाशी आला. पाण्याचा जग घ्यायला. घेऊ का, असं त्यानं विचारलं. वीस वर्षं हा माणूस न विचारता माझ्या ग्लासातलं पाणी पीत आलाय, माझ्या डब्यातली भाजी आधी चाखून मग नावं ठेवत आलाय. आणि आज, घेऊ का!
मी म्हणालो, जग सगळ्यांचा आहे.
नंतर पॅकिंग खात्यावरून जाताना याहून चांगली दहा उत्तरं सुचली. तो हाताखालच्या नव्या माणसांनी बांधलेले गठ्ठे तपासत होता. वर पाहिलं नाही.
उद्यापासून रोज दोन इंच.

१५ मार्च, शनिवार. दुपार.
एकूण दोन इंच पूर्ण! मात्र बँड सपाट राहत नाही. स्वतःभोवती वळतो. सासूबाईंनी टोकाला धरून उचलला तर हवेत गरागरा फिरला. जावईबुवा, हे मनगटाला बांधायचंय की बाटलीचं बूच काढायचंय, असं त्यांनी विचारलं. बायको इतकी हसली की तिला बसावं लागलं.

मी सांगितलं, यात गती आहे.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. दुसरी गाठ मारत नाही ना तुम्ही, असं विचारलं. मी शेंगांचा भाव विचारला. विषय बदलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. भाषणात एकेक मुद्दा तीनतीनदा सांगता, मग इथं दोनदा करायला काय जातं, असं म्हणून त्या शेंगा सोलायला बसल्या.

२० मार्च, गुरुवार.
बाण रद्द. बाणाला उलट दिशेच्या गाठीही लागतात. मागे फिरणं माझ्या स्वभावात नाही. तिरके पट्टे. मुळात माझीही हीच कल्पना होती.
आज बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. साडेसातच्या पाळीमुळे बस सापडते, जागा मिळते, उजेडात घरी पोचतो. पण सोय वेगळी आणि तत्त्व वेगळं.

२४ मार्च, सोमवार.
निरोपाचं भाषण माझ्याकडे. अर्थात. आणखी कुणाला जमणार? एका बैठकीत अकरा पानं लिहिली. योजना: नवव्या पानावर आवाज खाली आणायचा, चार पावलं चालत खिडकीच्या टेबलाशी जायचं, त्याच्या मनगटावर बँड बांधायचा. टाळ्या ओसरल्या की दहावं पान.

बायकोनं वाचलं. यात चुकलं कुठं आहे, असं विचारलं. मी पान सहा दाखवलं: ‘दोन सच्च्या माणसांत कधीकधी मतभेद होतात.’ दोन ओळींच्या मधे वाचावं लागतं. ती म्हणाली, त्या बिचाऱ्यानं दुर्बीण लावली तरी त्याला ते दिसायचं नाही.

२८ मार्च, शुक्रवार.
साडेपाच इंच. तर्जनीला फोड. पट्टी लावली, आता पट्टीच दोऱ्याला चिकटते. दोन गाठींत पट्टीचा धागाही विणला गेलाय. असू दे. घामाची निशाणी.
एक अडचण: माप माझ्या मनगटाचं घेतलं होतं. सव्वीस वर्षं गठ्ठे उचलणाऱ्याचं मनगट हे नव्हे. सातावर आणखी दीड इंच हवा. युद्धपातळीवर.

३० मार्च, रविवार. सकाळी ११.४०.
पूर्ण!! गोल वळत होता म्हणून इस्त्री फिरवली. आता आज्ञाधारक दिसतो. पाकिटात ठेवला. सासूबाईंनी पाहायला मागितला. लांबून दाखवला. कुणी ओढला नाही म्हणजे मिळवलं, एवढंच म्हणाल्या. कौतुक करायला मन मोठं लागतं.

३१ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.
घडलं ते लिहितो.

साडेबाराला कँटीन भरलं होतं. भाषण खिशात. ऐन वेळी वाटलं, आधी बँड द्यावा, मग बोलावं. सगळे बघत असताना खिडकीच्या टेबलाशी गेलो, पाकीट पुढे केलं. गठ्ठेबुवानं बँड बाहेर काढला, उलटसुलट पाहिला. तू केलास, असं विचारलं. मी मान हलवली. त्याचा चेहरा जरा सैल झाला, हे मी नक्की पाहिलं.

मग त्यानं त्याला हिसका दिला. मुद्दाम नाही. हाती आलेली प्रत्येक गाठ तो एकदा ओढून पाहतो. सव्वीस वर्षांची सवय आहे ती. त्याच्या हाताखालून न ओढता एकही गठ्ठा बाहेर गेलेला नाही. हे मला माहीत होतं. इतकी वर्षं शेजारी बसून मी ते पाहिलं होतं.

सगळ्या गाठी सरकत गेल्या. सर्रकन. एका टोकाला वाटाण्याएवढा गोळा आणि खाली सहा मोकळे दोरे. पट्टीचा धागा वेगळा.

मागे कुणीतरी हसलं.

एकच वेढा मारलास ना, असं त्यानं विचारलं. हो म्हणालो. मग तो हळू आवाजात म्हणाला, सुतळी म्हणालास त्याचं काही नाही, सेक्रेटरी. सुतळी वाईट नसते. पण सही का केली ते एकदा तरी विचारायचंस. अरे, शेवटची बस सव्वापाचची. तुम्ही साडेपाचला सुटून पायपीट करायचात. माझं घर तर गेटसमोर आहे.

खिशात अकरा पानं होती. एकही कामाचं नव्हतं.

चुकलं माझं, असं म्हणालो. दोऱ्यांकडे बघत, पुटपुटल्यासारखं.

पुन्हा म्हण, तो म्हणाला. तुझं एकदा मारलेलं सरकतं.

पुन्हा म्हणालो. या वेळी पार टोकाच्या टेबलावरच्या बॉयलरवाल्यापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण त्यानं चमचा खाली ठेवला. गठ्ठेबुवानं पायानं खुर्ची बाहेर सरकवली. मी बसलो. न विचारता तो माझ्या ग्लासातलं पाणी प्यायला.

सुट्टीची आठ मिनिटं उरली होती. त्यानं नखानं तो गोळा सोडवला आणि दुहेरी गाठ शिकवली. चार त्यानं मारल्या, एक मी. माझी त्यानं ओढून पाहिली. टिकली. घंटा झाली. दोरे शर्टाच्या खिशात टाकून तो हिशेबखात्यात सह्या करायला गेला, आणि तिथून परस्पर घरी.

भाषण राहिलं. आजवरचं तुमचं सगळ्यात चांगलं भाषण, असं बॉयलरवाला बसमध्ये म्हणाला. टाळ्या मात्र नव्हत्या.

घरी सांगितलं. हे तर तीन तारखेलाच सांगितलं होतं, असं बायको म्हणाली. सासूबाईंनी फक्त विचारलं, दोनदा म्हणालात ना?

एकंदरीत योजना यशस्वी. थोडी लवकर आखली असती तर तीन महिने वाचले असते, इतकंच.

उद्यापासून खिडकीचं टेबल रिकामं. आमचंही. वाटेल तिथं बसावं. पूर्ण स्वातंत्र्य.