हल्लेखोर दादास उद्या दुपारपर्यंत सोडण्याबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
शहर पोलीस ठाणे.

विषय: माझे डोके फोडणाऱ्या थोरल्या भावास उद्या दुपारपर्यंत माझ्या ताब्यात देण्याबाबत.

संदर्भ: मीच काल रुग्णालयातील खाटेवरून दिलेली तक्रार.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की,

१. आम्ही दोघे भाऊ न बांधलेल्या इमारतींची हुबेहूब चित्रे संगणकावर करून देतो. एका प्रसूतिगृहाची चित्रे पुढच्या आठवड्यात द्यायची होती. विश्वस्तांनी ती अचानक कालच मागितली. दादा प्रत्येक झाड पानापानाने उभे करतो. त्या गतीने प्रसूतिगृह आधी बांधून झाले असते. म्हणून वेळ वाचवण्यासाठी मी बागेत झाडांचे सपाट फोटो उभे केले, माणसेही तशीच. समोरून कोणाच्या बापाला कळले नसते. आमच्या धंद्यात हे सर्रास चालते, फक्त संगणकातला कॅमेरा हलवायचा नसतो.

२. चित्रे दाखवताना विश्वस्तबाई म्हणाल्या, "किती सुंदर बाग! जरा बाजूने दाखवा ना." मी कौतुकाने हुरळून कॅमेरा फिरवला. बागेच्या काड्या झाल्या. झाडाखाली बाळाला घेऊन बसलेली बाई दोऱ्याएवढी उरली. "अहो, बाळंतीण कुठे गेली?" असे एकाने विचारताच सगळे पोट धरून हसले. जाताना त्यांनी चित्रे सुधारून द्यायला उद्या दुपारची शेवटची मुदत दिली.

३. दादाने त्यांना जिन्यापर्यंत अदबीने सोडले, परत येऊन दाराला कडी घातली आणि "हे काम गेलं तर तू तुझ्या वाटेनं, मी माझ्या," असे म्हणून स्टूल माझ्या डोक्यात घातले. मीही हात बांधून बसलो नाही. कीबोर्ड मोडेपर्यंत त्याच्या तोंडावर हाणला. त्याचा दात व कीबोर्डची बटणे एकाच ठिकाणी सापडल्याची पंचनाम्यात नोंद असेलच. त्याने माझे तोंड कपाटाच्या काचेवर आपटले, मी त्याच्या दंडाचा लचका तोडला. त्याने माझी बोटे खणात घालून खण लावला. खालच्या मजल्यावरचा शिंपी दार फोडून आला नसता, तर आज आपणास अर्ज करायला कोणी उरले नसते.

४. सध्या माझ्या कपाळाला टाके आहेत, उजवा डोळा बांधलेला आहे, उजव्या हाताची बोटे प्लास्टरमध्ये आहेत. एका डोळ्याने मला सकाळचे ऊन आणि संध्याकाळचे ऊन यांतला फरक कळत नाही, आणि चित्रांतले ऊन कायम दादाच पाहतो. संगणकही आपण मुद्देमाल म्हणून नेला आहे. आई कोठडी व रुग्णालय अशा खेपा घालते आणि दोन्हीकडे सारख्याच शिव्या देते. तिच्याकडून कळले की दादा जेवत नाही, एवढेच विचारतो, "त्याचा डोळा वाचला का? आणि झाडं बदलली का?" साहेब, मला त्याचा मुडदा पाडावासा वाटतो. पण तो वेगळा झाला तर मी जगायचे कसे, हेही मला कळत नाही.

५. आज सकाळपासून मी रुग्णालयाच्या कपड्यांतच आपल्या दाराशी वारंवार आलो. तक्रार मागे घेतो म्हटले, तर प्रकरण आता सरकारचे झाले असे उत्तर मिळाले. दादास सोडणे जमत नसेल तर मला संगणकासह त्याच्याच कोठडीत बसवा, उद्या दुपारपर्यंत आम्ही एकमेकांना हात लावणार नाही असे लिहून देतो, अशीही विनवणी केली. त्यावर आपले हवालदार म्हणाले, "आत यायचंय तर आधी गुन्हा करून या."

६. त्यानुसार आवश्यक तो गुन्हा करीत आहे. सदर अर्ज विटेला गुंडाळून आपल्या खिडकीतून सादर केला आहे. आपण तो वाचत आहात, त्याअर्थी काच फुटली आहे. नेम डाव्या हाताचा असल्याने कोणास लागले असल्यास क्षमा असावी. मी पळणार नाही. बेड्या घालताना मात्र बोटे सांभाळावीत, रात्रभर काम आहे.

सोबत: डॉक्टरांचा दाखला.

दिनांक: मुदतीच्या आदला दिवस

आपल्या खिडकीखाली अटकेची वाट पाहत उभा,
धाकटा भाऊ
(फिर्यादी, आता आरोपी)