हिरवी चौकट

सोमवार, ३ जून
माऊस दाबून मनगटं आखडलेल्या कारकुनांनो! तीच यादी रोज किती वर्षं टाइप करायची? (ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. तरी विचार मोठ्या आवाजातच येतात.) आज गुलामी खलास. दवाखान्याच्या प्रोग्रॅममध्ये मी एक बटण बसवलं. दाबलं की प्रोग्रॅम आतून माझ्या स्क्रिप्टला (मी घरी लिहिलेल्या आज्ञांच्या फाइलला) हाक मारतो. स्क्रिप्ट उद्याच्या पेशंटच्या याद्या काढून बाराही डॉक्टरांच्या प्रिंटरवर पाठवते. दाबलं. हिरवी चौकट आली: ‘काम झालं’.

मंगळवार, ४ जून
बाराही टेबलांवर याद्या. क्रांती!
यादीताई (वीस वर्षं याद्या टाइप करतात, म्हणून हे नाव) गठ्ठा घेऊन जिने चढताना दिसल्या. म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या बटणाने प्रिंटर हललासुद्धा नाही.” हिरवी चौकट दाखवली. त्या गठ्ठा सावरून पुढचा जिना चढू लागल्या. सवय सुटायला वेळ लागतो बिचाऱ्यांना.

गुरुवार, ६ जून
बायको विचारते, स्क्रिप्ट चालली की नाही, हे चौकट बघते का? म्हटलं, छे, बटण दाबताच उमटते. जग विश्वासावर चालतं. म्हणाली, “मग मीही उद्यापासून नुसतंच ‘स्वयंपाक झाला’ म्हणते.”

शुक्रवार, ७ जून
अधीक्षकांना अहवाल दिला: एकही चूक नाही, यादीताईंची जागा अनावश्यक. ताईंची बदली तळघरात, जुन्या केसपेपरांकडे. वाईट वाटलं. पण इतिहास कुणासाठी थांबत नाही. शनिवार-रविवार सुट्टी आहे, तरी रविवारी येऊन बटण दाबायचं ठरवलंय.

सोमवार, १० जून
१०:१५. एकाही टेबलावर यादी नाही. प्रिंटर फितूर.
११:००. अकरा वेळा दाबलं. अकरा वेळा हिरवी. छातीत दुखणारे आजोबा दातांच्या डॉक्टरांपुढे तोंड उघडून बसलेत.
१२:३०. सापडलं. प्रोग्रॅम स्क्रिप्टला माझ्या घरच्या कॉम्प्युटरच्या पत्त्यावर हाका मारतोय. पहिल्या दिवसापासून. स्क्रिप्ट इथे आणायचीच राहिली. म्हणजे गेल्या आठवड्यातल्या याद्या ताईंनीच...
१:००. तळघरात जाऊन आलो. ताईंनी मान वर न करता सांगितलं, “बटण दाबा ना, भाऊ.”
१:१०. अधीक्षक मला शोधतायत. बाहेर दीडशे पेशंट.
कारकुनांनो, भाषण पुरे. तुमच्यापैकी कुणीतरी खाली जा आणि ताईंना वर घेऊन या.