जबडा गोल फिरवणारी अकरा मुलं

प्रिय मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच. दिवसभर मुलांच्या खुर्च्यांसमोर उकिडवं बसून माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला आहे.) तुझा खांदा कसा आहे? नातू रात्री झोपू देतो का? मी बरी आहे, म्हणजे उभी आहे.

घरातली पहिली पदवी घेऊन मी नक्की करते काय, असं तू विचारलंस. बाबा सगळ्यांना सांगतात की मी दातांच्या दवाखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. खरं म्हणजे लहान मुलं कशी चावतात ते मी मोजते. दाढा नसलेलं मूल जबडा नुसता वर-खाली करतं, दार उघडावं-लावावं तसा. दाढा येऊ लागल्या की तोच जबडा बाजूला सरकायला शिकतो आणि मग गोल फिरतो, काहीतरी दळत असल्यासारखा. हे नेमकं केव्हा होतं ते कळलं, तर कुठल्या मुलाला कसला घास द्यावा हे आयांना नीट सांगता येईल, आणि घास घशात अडकायची भीती थोडी कमी होईल. यावर माझा मनापासून विश्वास आहे. म्हणून मी मुलाच्या हनुवटीवर निळा ठिपका चिकटवते, हातात बिस्किट देते आणि कॅमेरा सुरू करते. (एकीनं तो ठिपका काढून माझ्या नाकावर लावला. दुपारपर्यंत मला कुणी सांगितलंही नाही.)

तर गेल्या महिन्यात एकही दाढ नसलेली अकरा मुलं जबडा गोल फिरवू लागली. आमच्या मॅडम (ज्या एरवी 'हं'च्या पुढे जात नाहीत) म्हणाल्या, हे शुक्रवारच्या सभेत तुझ्या नावानं मांडू. त्याच संध्याकाळी बाबांनी इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना कळवलं.

काल मी त्या चित्रफिती पुन्हा पाहिल्या. एका मुलामागे काचेचं कपाट आहे. त्या काचेत मी दिसते. तोंडात काही नाही, आणि जबडा मात्र गोल गोल फिरतोय. मावशी, चार महिने चावणं बघून बघून मला ती सवयच लागली आहे. पोरं बिचारी माझ्याकडे टक लावून बघतात आणि जमेल तशी नक्कल करतात. शोध लागला तो एवढाच, की चोवीस वर्षांच्या बाईला दाढा असतात.

आईला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "अगं, मुलाला भरवताना आपलंही तोंड हलतंच की. तुला नव्हतं माहीत?" पदवीच्या तीन वर्षांत हे कुणी शिकवलं नाही.

तुझ्या नातवाला अजून दाढा आलेल्या नाहीत ना? गुरुवारी त्याला घेऊन ये. मी पडद्यामागे बसेन.

तुझी भाची

ता. क. बाबांना यातलं काही बोलू नकोस. त्यांनी शुक्रवारसाठी नवा सदरा शिवायला टाकला आहे.

ता. क. २. खरं तर नातवाची गरज नाही, काचेत सगळं स्वच्छ दिसतंय. गुरुवारी अकरा वाजता मला मॅडमच्या खोलीत जाऊन हे सांगायचं आहे. खोलीबाहेर एक बाक आहे. मी बाहेर येईपर्यंत तू तिथे बसशील का?