आधार समिती आणि घरचं माणूस

२४ फेब्रुवारी
मुख्याध्यापिकाबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. ‘परीक्षाकाळ आधार समिती’ आजपासून स्थापन. अध्यक्ष मी. योग्यच आहे. उपमुख्याध्यापक या नात्याने सुपरव्हिजनचा तक्ता दरवर्षी मीच लावतो, तेव्हा माणसांच्या ताणाची जेवढी जाण मला, तेवढी या इमारतीत कुणालाच नाही. सदस्य मिळाले नाहीत. ज्याला विचारावं त्याला नेमकं काहीतरी काम आठवतं. हरकत नाही. एकट्याने निर्णय भराभर होतात.
संकल्प: यंदा एकही मूल रडणार नाही, एकही शिक्षक चिडणार नाही.

२५ फेब्रुवारी
जेवताना हिला बातमी दिली. ही आमच्याच शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे आनंद दुप्पट व्हायला हवा होता. म्हणाली, बरं झालं, मग आधाराची सुरुवात माझ्यापासून करा. बाबांकडे जाऊन येते, तीन दिवस द्या.
सासरे मेहुण्याकडे असतात. हल्ली माणसं विसरायला लागलेत. आधी शेजारी विसरले, मग सून. हिला अजून फोनवर आवाजावरून ओळखतात. ही म्हणते, ओळखतायत तोवर जायचंय.
मी म्हटलं, अगं, अध्यक्षाच्या बायकोलाच पहिली रजा? लोक तोंडात शेण घालतील. पहिला आठवडा जाऊ दे. मग नक्की.
ताटं उचलून आत गेली. पटलं असावं.

१ मार्च
‘हसत हसत परीक्षा’ची पोस्टरं लावली. व्हरांड्यात जागा एकच मिळाली, ‘उशिरा येणाऱ्यास प्रवेश नाही’ या पाटीच्या खाली. लांबून एकच सूचना वाटते.
खेळाच्या सामानाच्या खोलीत विश्रांती कक्ष उघडला. उंच उडीची गादी अंथरली. स्वतः पडून पाहिलं. छान वाटलं. शिपायाने हाक मारली तेव्हा दुपारची सुट्टी संपली होती.

३ मार्च
पहिला पेपर. घंटा होताच माइकवरून सगळ्या शाळेला दीर्घ श्वास घ्यायला लावले. आवाज चांगला लागला होता, त्यामुळे थोडं लांबलं. मुलं बाहेर आल्यावर म्हणाली, सर, प्रश्न वाचायचा वेळ तुम्हीच खाल्लात. एकीने तर रडत सांगितलं. पण ते रडणं ताणाचं नव्हतं, रागाचं होतं. संकल्पात बसत नाही.

४ मार्च
विश्रांती कक्षात दोन मुली झोपी गेल्या. पेपर सुरू होऊन बराच वेळ झाल्यावर सापडल्या. कक्षाला कुलूप. विश्रांती हवी असल्यास आदल्या दिवशी लेखी अर्ज करावा.

६ मार्च
आता लक्ष स्टाफकडे. आधार म्हणजे ऐकून घेणं. गणिताच्या सरांचा गुडघा दुखतो: सुपरव्हिजन रद्द. चित्रकलेच्या बाईंकडे पाहुणे: रद्द. पीटीच्या सरांनी नुसतं, कंटाळा आलाय हो, असं म्हटलं. त्यांचीही रद्द. किती प्रामाणिक माणूस!
तक्त्यात भोकं पडली, ती हिच्या नावाने बुजवली. घरचं माणूस समजून घेतं. शिवाय पक्षपाताचा आरोप करायला कुणाला जागाच नाही. गणिताचे सर म्हणाले, तुम्ही म्हणजे देवमाणूस. मी नको नको म्हटलं, पण त्यांनी फार आग्रह धरला नाही.

८ मार्च
मेहुण्याचा फोन. भाऊजी, ताईला पाठवा हो. बाबा काल आरशातल्या माणसाला चहा विचारत होते. मी हसलो. तो हसला नाही.
मग हिने फोन घेतला. सासऱ्यांनी विचारलं, पोरी, कधी येतेस? ही म्हणाली, परीक्षा संपली की, बाबा. उत्तर माझंच होतं. हिने जसंच्या तसं सांगितलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ ओटा पुसत होती. ओटा स्वच्छच होता.

१० मार्च
सूचनापेटी उघडली. निनावी ठेवलीय, म्हणजे माणूस मोकळं लिहितो. ‘चहा गरम असावा’ अशा बऱ्याच चिठ्ठ्या. ‘माइक काढून घ्यावा’, ही एकाच माणसाने अनेकदा लिहिली असणार. आणि एक: ‘मला बाबांकडे जायचं आहे.’
अक्षर ओळखीचं वाटलं. पण पेटी निनावी आहे. अक्षर ओळखणं तत्त्वात बसत नाही. चिठ्ठी ‘विचाराधीन’मध्ये टाकली.

१२ मार्च
नववीतली एक मुलगी रोज पेपरच्या आधी उलट्या करते. तिच्यासाठी समुपदेशनाचा तक्ता केला. तक्ता घेऊन गेलो तर ही जिन्यावर तिच्याशेजारी बसलेली. पाण्याची बाटली, ओला रुमाल. ही तिला सांगत होती, आधी फक्त नाव लिही, मग पुढचं पुढे बघू. मुलगी मान हलवत उठली आणि आत गेली.
जिन्यावर बसायला मनाई आहे. पण या वेळी चालवून घेतलं. समितीच्या अहवालात ‘एक यशस्वी प्रकरण’ म्हणून घेता येईल.

१५ मार्च
शनिवारी हिला सोडायचं नक्की केलं होतं. तक्त्यात पक्कं लिहिलं. हिने बॅग भरली, बाबांसाठी मऊ स्वेटर घेतला. आणि आज चित्रकलेच्या बाई आल्या. भाच्याच्या साखरपुड्याला जायचंय, नाही गेले तर नणंद बोल लावील. एवढ्या काकुळतीला आल्या. नाही कसं म्हणणार?
घरी सांगितलं. ही म्हणाली, त्यांनी मागितलं की मिळतं, आणि मी काय मुक्याने मागत होते का? मी म्हटलं, तू वेगळी. ही म्हणाली, हो ना.
बॅग मीच माळ्यावर ठेवली. पायात आली असती.

१८ मार्च
मेहुण्याचा फोन. बाबा आता फोनवर बोलत नाहीत. कानाला लावला की बाजूला ठेवून देतात. तरी हिने फोनवर हाका मारल्या. शेवटचा पेपर जवळ आलाय, हे मी खुणेने सांगितलं. हिने माझ्याकडे पाठ फिरवली. ताण सगळ्यांनाच असतो.

२१ मार्च
पेपर संपले. स्टाफ मीटिंगमध्ये अहवाल वाचला. सगळ्यांची सुपरव्हिजन गेल्या वर्षीपेक्षा कमी! टाळ्यांसाठी थांबलो. मुख्याध्यापिकाबाई तक्ता बघत होत्या. म्हणाल्या, सगळ्यांची कमी झाली तर पेपरांना उभं कोण राहिलं? हे एकच नाव सकाळी, दुपारी, रोज का आहे?
मी म्हटलं, घरचीच आहे.
कुणीच हसलं नाही. गणिताचे सर स्वतःच्या गुडघ्याकडे बघत बसले. ही खिडकीपाशी होती, उत्तरपत्रिकांना दोरा बांधत. मुख्याध्यापिकाबाई उठल्या, हिच्या हातातून दोरा काढून घेतला आणि म्हणाल्या, हे राहू दे, तू आधी घरी जा. मग माझ्याकडे वळून, तुम्हीही जा सोबत. समिती आजपासून बंद.
कार्य पूर्ण झाल्यावर समित्या बंदच होतात.

२३ मार्च
मेहुण्याकडे पोचलो. सासरे खुर्चीत, दाढी केलेली, शर्ट नीट. चांगले दिसत होते. मला हायसं वाटलं. हिला हळूच म्हटलंसुद्धा, बघ, उगाच घाबरत होतीस.
ही जवळ जाऊन बसली. बाबा, म्हणाली. त्यांनी हात जोडून नमस्कार केला. बसा बाई, म्हणाले. मुलगी यायचीय आमची. परीक्षा संपली की येते म्हणालीय. ही म्हणाली, आले ना बाबा, मीच आहे. त्यांनी भिडस्तपणे मान हलवली आणि तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिले. हिने स्वेटर काढून त्यांच्या पायांवर घातला. ते थँक्यू म्हणाले.
मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. आपण कुठले? म्हटलं, शाळेतून आलोय. एकदम सावरून बसले. तिच्याच शाळेतले का? मग साहेब, एक विनंती होती. तिला जरा लवकर सोडा.
सोडतो म्हणालो.
ही त्यांचा हात धरून बसली होती.